आवाज कुणाचा?

तो आवाज श्रावणात सुरू झाला. उजवा पाय पायडलवर दाबला की 'कर्र', पाय वर आला की गप्प. पहाटे साडेपाचला अमरावतीत वडाळी तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर फारशी वर्दळ नसते. काखेत छत्री मारलेले दोन-चार पेन्शनर आणि त्यांच्यावर भुंकून कंटाळलेली कुत्री, एवढाच काय तो संसार. त्या शांततेतून मी 'कर्र... कर्र... कर्र' करत जायचो आणि पेन्शनर माझ्याकडे सहानुभूतीनं बघायचे.

चौसष्टाव्या वर्षी अंगाखालून आवाज आला की माणूस आधी स्वतःला चाचपतो. मी उजवा गुडघा चाचपला आणि डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरली, "हं" म्हणाले आणि निकाल दिला, "झीज आहे. वयाच्या मानानं ठीक. जिना टाळा, मांडी घालून बसू नका."

"आणि आवाज?"

"तो येणारच."

दीड महिना मी गुडघ्याला तेल चोळलं. पंगतीत खुर्ची मागून घेतली. आवाज जागचा हलला नाही. तो जिना चढताना येत नव्हता, देवळाच्या पायऱ्यांवर येत नव्हता, फक्त सायकलवर येत होता. हे कोडं आठवीतल्या पोरानं मधल्या सुट्टीत सोडवलं असतं. एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या मास्तराला मात्र खंडेनवमीपर्यंत थांबावं लागलं.

खंडेनवमीला घरातली अवजारं धुऊनपुसून पुजायची. आमच्याकडे अवजार म्हणावं असं एक विळी, एक पाना आणि ही सायकल. अंगणात सायकल उलटी करून ठेवली, फडकं ओलं करून काळ्या मातीचे थर काढत गेलो. सीटखालून उतरणारा पाइप जिथं पायडलच्या धुऱ्याला भेटतो, त्याच्या दोन बोटं वर फडकं अडकलं. चष्मा पुसून पाहिलं. रंगात केसाएवढी आडवी रेघ होती. तिच्या दोन्ही काठांना विटकरी गंज, पान खाऊन झोपलेल्या माणसाच्या ओठांच्या कडेला असतो तसा. नख फिरवलं तर अडलं. सायकल सरळ करून सीटवर जोर दिला तर रेघ जराशी उघडली, जोर काढला तर मिटली. मिटताना म्हणाली, 'कर्र'.

दीड महिना मी एका निरपराध अवयवाला तेल चोळत होतो.

"आज शस्त्राची पूजा असते," बायको दारातून म्हणाली, "पोस्टमॉर्टेम नाही." मग तिनंच झेंडूची माळ त्या रेघेवर येईल अशी घातली. पाहुणे आले की फाटक्या सोफ्यावर आपण उशी ठेवतो, तशी.

ही सायकल १९९९ सालची. पाचव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचा मोठा भाग भविष्य निर्वाह निधीत गेला. हाती जे पडलं त्यातून ही घेतली. नावाला मुलासाठी. तो आठ वर्षांचा होता आणि सायकल बारा वर्षांच्या पोराच्या मापाची, त्यामुळे "तो मोठा होईस्तोवर" मी चालवली. तो मोठा झाला आणि त्यानं मोटारसायकल मागितली. जाड खाचांचे टायर, आडवं हँडल, मागे पाच गेअर. अशा कुठल्याही सायकलला तेव्हा आमच्याकडे 'रेंजर' म्हणत, मग ती कुणाची का असेना. माझी कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. सव्वीस वर्षं मला वाहून झाल्यावर तडा गेला, यात कंपनीचा दोष धरणं हा कृतघ्नपणा होईल.

डोंगरात चालवायची सायकल म्हणून ती विकली गेली खरी, पण वऱ्हाडात डोंगर आणायचा कुठून? इथं क्षितिजापर्यंत कपाशी आणि तूर. राजकमल चौकातला पूल हाच आमचा घाट होता. पावसाळ्यात एकदा शेताच्या धुऱ्यावरून नेली तर टायरच्या खाचांत काळी माती अशी भरली की मडगार्ड आणि चाक एकजीव झाले. शेवटी मीच तिला खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत आलो. खरा डोंगर तिनं आयुष्यात एकदाच पाहिला. सुमारे अकराशे मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याला ती एसटीच्या टपावर बसून गेली आणि परतवाड्याकडे माझ्यासह खाली आली. उतरताना ब्रेकचे रबर जळाल्याचा वास घाटभर येत होता.

त्या वासाचं मला नंतर फार कौतुक वाटलं, कारण या सायकलींचं मूळ तिथंच आहे. कॅलिफोर्नियात मॅरिन काउंटी नावाचा भाग आहे. १९७० च्या दशकात तिथली काही उनाड पोरं १९३० च्या दशकातल्या जाड टायरच्या, वजनदार, टाकाऊ सायकली गोळा करून तमालपाईस नावाच्या डोंगरावरून सोडत असत. त्यांचे ब्रेक मागच्या चाकाच्या पोटात असत. खाली पोहोचेपर्यंत त्यातलं ग्रीस तापून धूर होऊन जाई आणि दरवेळी नवं भरावं लागे. १९७६ साली त्यांनी शर्यतच सुरू केली, तिचं नाव 'रीपॅक', म्हणजे पुन्हा भरा. जुन्या फ्रेम मोडायच्या, त्या जोडायच्या, पुन्हा मोडायच्या. तसल्या फ्रेमांचा कंटाळा आला तेव्हा जो ब्रीझ या गड्यानं १९७७ मध्ये मुद्दाम डोंगरासाठी नवी फ्रेम घडवली. म्हणजे या सायकलीचं घराणंच भंगारातलं. मोडलेलं जोडणं हा तिचा कुळाचार.

हा इतिहास मी पुण्यातल्या मुलाला व्हिडिओ कॉलवर ऐकवला. त्यानं शांतपणे ऐकून घेतला. "बाबा, ॲल्युमिनियमची नवी घ्या. हलकी असते. मी पैसे पाठवतो." ॲल्युमिनियमशी माझं वैर नाही, आमची कढई त्याचीच आहे. पण सायकलीच्या ॲल्युमिनियमला टाका घालायचा तर वेगळं यंत्र लागतं, आणि जोडानंतर सबंध फ्रेम भट्टीत घालून पुन्हा कडक करावी लागते. शिवाय ते लोखंडासारखं कुरकुरत बसत नाही, बरेचदा एकदम जातं. घरात कुरकुरणारं माणूस असलं की काय बिघडलंय ते निदान कळतं. हे वाक्य मी मुलाला म्हणालो तेव्हा बायको मागे उभी होती, हे मला उशिरा कळलं.

दसऱ्याला सोनं द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी तडा दाखवला आणि आपट्याच्या प्रत्येक पानाबरोबर एक सल्ला मिळाला. एक म्हणाले, एम-सील लावा. दुसरे म्हणाले, चालवू नका, अंगणात कुंडीला स्टँड होईल. गल्लीत येणाऱ्या भंगारवाल्यानं न विचारता ती उचलून पाहिली आणि डोळे मिटून वजन सांगितलं. जिवंत माणसाचं तिरडीसाठी माप घ्यावं तसं मला झालं.

मग मी ती इथल्याच एका वेल्डिंगवाल्याकडे नेली. उन्हाळ्यात कुलरचे स्टँड आणि एरवी गेट बनवणारा तरुण मुलगा. "दोन मिनिटांचं काम हाय सर," म्हणाला आणि खरोखर दोन मिनिटांत केलं. निळी ठिणगी उडाली, मी तोंड फिरवलं. पुन्हा पाहिलं तर रेघेच्या मधोमध वाटाण्याएवढं भोक पडलेलं. "पाइप पतला हाय जी," त्यानं माहिती दिली. ही माहिती आधी मिळाली असती तर बरं झालं असतं. विजेच्या वेल्डिंगचा ताप गेटच्या जाड अँगलला मानवतो. दीडेक मिलिमीटर जाडीच्या नळीला तो सोसत नाही.

सायकल विकायचं जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात अकोल्याहून मेहुण्याचा फोन आला. जुन्या शहरात एक म्हातारे गॅस वेल्डिंगवाले मिस्त्री आहेत, पितळेनं जोडतात, म्हणाला. इतके दिवस "टाकून द्या ते खटारं" म्हणणारी बायको ताबडतोब म्हणाली, "मी सांगतच होते, एकदा अकोल्याला दाखवा." माहेरचा मिस्त्री निघाल्यावर प्रश्नच मिटला.

चाकं, चेन, हँडल घरी ठेवलं आणि नुसता सांगाडा गोणपाटात गुंडाळून बडनेऱ्याहून भुसावळकडची पॅसेंजर धरली. गोणपाटाबाहेर चिमट्याचे दोन पाय तेवढे दिसत होते. समोरच्या म्हातारीनं विचारलं, "काय हाय जी त्यात?" मी म्हणालो, "सायकल, दवाखान्यात नेतो आहे." तिनं जरा सरकून तिला जागा करून दिली.

मूर्तिजापूर आलं. इथूनच एकीकडे अचलपूरला आणि दुसरीकडे यवतमाळला जाणारी शकुंतला गाडी सुटायची. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन तिनं १९२३ पासून १९९४ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षं वापरलं. त्याला काय कमी ठिगळं लागली असतील? पण आमच्या वऱ्हाडाला ठिगळाची लाज नाही. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. अंगावर चिंध्या जोडून शिवलेली गोधडी, हातात फुटक्या मडक्याचं खापर. त्या माणसाच्या समाधीवरून अमरावतीतल्या एका सबंध वस्तीला नाव पडलंय. या मुलखात एका सायकलीला टाका घालायला मी एवढा का ओशाळत होतो, कोण जाणे.

मिस्त्रींचं दुकान मोर्णेच्या पलीकडे, राजराजेश्वराच्या वाटेवर. दुकान म्हणजे टिनाचं छप्पर, दोन सिलिंडर आणि सायकलींच्या अस्थींचा ढीग. चष्म्याची एक दांडी तारेनं बांधलेली. त्यांनी गोणपाट सोडलं, फ्रेम एका हातात अधांतरी धरली आणि पान्यानं ठिकठिकाणी वाजवायला लागले. उन्हाळ्यात माठ घेताना आपण बोटाची पेरं मारून ऐकतो, अगदी तसं. वरच्या दांड्यावर 'टण्ण', पुढच्या पाइपवर 'टण्ण', आणि तड्याजवळ 'थड'.

"हे भोक कोनं पाडलं?"

मी गुन्हेगाराचं नाव सांगितलं नाही. "अमरावतीला पडलं," एवढंच म्हणालो. मिस्त्रींनी मान हलवली. अमरावतीकडून त्यांची तेवढीच अपेक्षा असावी.

मग त्यांनी बोळ्यानं तड्यावर रॉकेल लावलं, थोडा वेळ मुरू दिलं, फडक्यानं कोरडं पुसलं आणि हात पुढे केला. "गुरुजी, खडू द्या."

एकतीस वर्षं माझ्या खिशात खडू होता. शर्टाचा एकही खिसा त्याच्या पांढऱ्या डागाशिवाय राहिला नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी खडू मागितला, तर तो नव्हता! दोन गल्ल्या पालथ्या घालून पेटी आणली. मिस्त्रींनी खडूची पूड करून पाइपवर फुंकली. पाइप पांढराफेक झाला. मिनिटभर काही नाही. मग त्या पांढऱ्यावर हळूहळू एक ओली रेघ उमटायला लागली. आत मुरलेलं रॉकेल बाहेर येत होतं. मला दिसलेला तडा सव्वा इंचाचा होता. खडूवर उमटलेला पुरता दोन इंच भरला.

"माहा बाप भुसावयले लोको शेडमंदी होता," मिस्त्री म्हणाले. "इंजिनाचे धुरे असेच तपासे. डोयाले दिसते तेवढा तडा नसते जी. तो पुढं गेलेला असते."

मी भर बाजारात विद्यार्थ्यासारखा उकिडवा बसलो होतो. डॉक्टरांनी बंदी घातलेलं आसन.

त्यांनी पेन्सिलीनं दोन्ही टोकांवर फुल्या केल्या आणि हातयंत्रानं दोन बारीक छिद्रं पाडली. माझ्या पोटात गोळा आला. आधीच एक भोक, त्यात आणखी दोन.

"भोकानं मजबूत कसं होईल, मिस्त्री?"

"तडा भरता येते, गुरुजी. पन पयले त्याचं टोक सापडलं पायजे. टोकाले छिद्र मारलं का तो थांबते. नाई मारलं तं टाक्याच्या खालून चालत राह्यते."

यात जादू काही नाही. कापडवाला थान फाडताना काठाला कात्रीनं एक चीर देतो आणि पुढं नुसत्या हातानं सरळ फाडत जातो. सगळा ताण त्या चिरेच्या अणकुचीदार टोकावर गोळा होतो. टोक गोल केलं की ताण पसरतो. इंग्लिस नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं हे गणित १९१३ साली मांडलं. मिस्त्रींना ते बापाकडून आलं होतं, मला पुस्तकातून. फरक एवढाच की माझं परीक्षेला उपयोगी पडलं होतं.

त्यानंतर कानशीनं रंग खरवडून लोखंड चांदीसारखं केलं. ढिगातून एका जुन्या काळ्या सायकलीच्या दांड्याचा तुकडा निघाला. तो उभा चिरून, ठोकून, जळक्या भोकावर बसेल अशी वाटोळी पट्टी झाली. कुण्या अनोळखी सायकलीनं केलेलं अवयवदान. मग गॅस पेटला. मिस्त्रींनी पितळेची कांडी तापवून सुहाग्याच्या डबीत बुडवली. सोनाराकडे असतो तोच टाकणखार. पाइप गडद लाल झाला, मग जरा उजळला, आणि कांडीचं टोक तिथं टेकताच पितळ पाण्यासारखं पळालं. पट्टी आणि पाइप यांच्यातल्या फटीत, वरच्या बाजूला, चढावर! जिथं हातही शिरणार नाही तिथं ते स्वतःहून शिरलं आणि दुसऱ्या कडेनं सोन्याच्या दोऱ्यासारखं बाहेर दिसलं.

केशाकर्षण. हा शब्द मी शेकडो वेळा फळ्यावर लिहिला होता. त्याखाली दिव्याच्या वातीची आकृती, बाणासकट. पुढं बाकावर बसून मी तो प्रथमच पाहत होतो.

पितळ सुमारे नऊशे अंशांना वितळतं, लोखंडाला पंधराशेच्या घरात जावं लागतं. त्यामुळे लोखंड आपल्या जागी राहतं, नुसतं तापतं. विजेच्या जोडात दोन्ही बाजूंनी वितळावं लागतं, इथं कुणालाच वितळावं लागत नाही. मध्ये तिसरं कुणीतरी मऊ होऊन दोघांना धरून ठेवतं. आमच्या घरात हे काम मेहुणा करतो.

हाताखालच्या पोरानं पाण्याचा मग उचलला तसे मिस्त्री ओरडले, "पानी नोको मारू बे! आपल्या आपन थंडं होऊ दे." थंड व्हायला अर्धा तास लागला. तेवढ्यात त्यांनी चहा मागवला, आणि श्रावणातल्या कावडीची गोष्ट सांगितली. शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर राजराजेश्वराला येतं. लहानपणी त्यांनीही वाहिलेलं. "बांबू लचकते म्हनून खांदा वाचते," म्हणाले. "तुमची फ्रेमबी लचकते. लोखंड हाय. लचकून लचकून थकलं, तं बोललं."

थंड झाल्यावर गरम पाण्यानं टाकणखाराची काच धुऊन काढली, कारण ती राहिली तर खालून गंज धरते. मग मागच्या चाकाच्या खाचांतून पुढच्या पाइपला वळसा घालून दोरा ताणला. दोन्ही बाजूंना दोरा आणि सीटचा पाइप यांतलं अंतर पट्टीनं मोजलं. सारखं भरलं. शेवटी पुन्हा पान्यानं वाजवलं. 'टण्ण'. दुकानात लाल ऑक्साइड तेवढं होतं, तेच फासलं. निळ्या सायकलीच्या कमरेला आता शेंदरी पट्टा आहे.

"किती झाले?"

"दोनशे द्या. खडूची पेटी ठेवून जा."

खंडेनवमीला सापडलेला तडा लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी बुजला. दोन इंचांना वीस दिवस. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या पट्ट्यात एका मार्गिकेचं ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनेस बुकात गेलं. आम्हाला त्याचा अभिमान आहे. माझ्या दोन इंचांची नोंद कुठंच होणार नाही, पण घाई नव्हती आणि टोक सापडलंय.

पाडव्याच्या पहाटे वडाळीला जाऊन आलो. सायकल एकदाही बोलली नाही. पेन्शनरांनी वळून पाहिलं नाही, कुत्र्यांनी मात्र ओळख न पटल्यासारखं भुंकून घेतलं. परत येऊन तिला जिन्याखाली कुलूप लावलं आणि वर निघालो.

तिसऱ्या पायरीवर 'कर्र' झालं. मी थांबून खाली वाकून पाहिलं. सायकल कुलपातच होती.